कधी लागते कधी नाही अशी गाडी, आणि प्रतापनगरचे इलेक्ट्रिशियन चाचा

पाचपैकी पाच स्टार. एवढं मोठं लिहायची मला सवय नाही, पण तीन महिने ज्या प्रकारानं डोकं उठवलं होतं तो ज्यांनी शोधून काढला त्यांच्याबद्दल दोन ओळी लिहून सोडून देणं बरोबर वाटत नाही, आणि हा त्रास पुष्कळ जणांच्या गाडीला असतो, बहुतेकजण आधी बॅटरी बदलतात मग सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फिरवा देणारी मोटर, बदलतात मग कंटाळून गाडीच विकतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

गाडी आमची 2014 ची, छोटी, पेट्रोल, पाच गियरची मॅन्युअल. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो, मी शाळेत शिकवते, शाळा फतेगंजच्या बाजूला, गाडी जास्त मीच चालवते कारण नवरा आठवड्यातले चार दिवस अंकलेश्वरला असतो. होळीच्या आधी कधीतरी सुरू झालं. शाळा सुटल्यावर गाडीत बसले, क्लच दाबला, चावी फिरवली, काही नाही. म्हणजे अगदी काहीच नाही, टक नाही की घुर्र नाही, डॅशबोर्डचे सगळे दिवे लख्ख, हॉर्न दणदणीत, एसीचा पंखा चालू, फक्त सेल्फ घेत नाही. चावी काढली, परत घातली, परत फिरवली, तसंच. तिसऱ्यांदा लगेच लागली, जशी काही झालंच नव्हतं. मग दहा दिवस काही नाही. मग एका दिवसात दोनदा. मग परत आठवडाभर शहाण्यासारखी.

हे असं कधी होतं कधी नाही हेच सगळ्यात वाईट. कायमची बंद पडली असती तर टो करून नेली असती आणि विषय संपला असता. इथं गॅरेजवाल्याकडे नेली की एका चावीत चालू, तो म्हणणार "मॅडम गाडी तर मस्त आहे", आणि आपण खोटं पडल्यासारखं उभं राहायचं.

एप्रिलमध्ये अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यात, जॅम लागला होता, पेट्रोल वाचवायला म्हणून इंजिन बंद केलं आणि पुढची गाडी हलली तेव्हा माझी लागेना. मागे रिक्षा, तिच्यामागे सिटी बस, सगळे हॉर्न वाजवतायत, गरनाळ्यात तो आवाज किती घुमतो ते बडोद्याच्या लोकांना सांगायला नको. दोन कॉलेजची मुलं बाइकवरून उतरली आणि धक्का मारला, चढ आहे तिथून बाहेर निघायला, तरी कशीबशी वेग घेतला तेव्हा दुसऱ्या गियरमध्ये क्लच सोडला आणि लागली. ज्यांनी कधी धक्का स्टार्ट केलं नाही त्यांच्यासाठी, चावी पूर्ण ऑनवर पाहिजे म्हणजे दिवे पेटलेले पाहिजेत, गियर दुसरा, क्लच दाबून ठेवायचा, गाडीनं जरा वेग घेतला की झटकन क्लच सोडायचा आणि इंजिन लागलं की लगेच परत दाबायचा. पहिल्या गियरमध्ये गाडी जोरात गचका खाते आणि चाकं अडतात म्हणून दुसरा. आणि इंजिन बंद असताना स्टेअरिंग जड असतं, ब्रेकलाही एरवीपेक्षा खूप जास्त जोर लागतो हे ध्यानात ठेवून करायचं. मॅन्युअल असल्याचा एवढा फायदा.

पण आईंना घेऊन गेलो होतो त्या दिवशी मात्र मी रडकुंडीला आले. सासूबाईंना गरुडेश्वरला दत्ताच्या दर्शनाला जायचं होतं, टेंबे स्वामींच्या समाधीवर त्यांची फार श्रद्धा, दरवर्षी एकदा तरी जातोच. बडोद्याहून डभोईवरून ऐंशीएक किलोमीटर. दर्शन झालं, प्रसाद झाला, नर्मदेच्या घाटावर बसून झालं, दुपारी दीडला गाडीत बसलो आणि गाडी मेली. ऊन असं की सीटला हात लावता येत नव्हता, आईंचं वय 74, त्यांना म्हटलं आई तुम्ही परत सभामंडपात सावलीत जाऊन बसा, आणि मी चावी फिरवतेय फिरवतेय. कोणीतरी जवळच्या गॅरेजमधून एका पोराला बोलावून आणलं. त्यानं बोनेट उघडलं, हात आत घालून पान्यानं सेल्फच्या मोटरवर दोन ठोके मारले आणि म्हणाला मारो चावी. लागली! तो म्हणाला बेन सेल्फचे कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे, घासून झिजणारे तुकडे) गेलेत, मोटर बदलून घ्या. मला अगदी पटलं, डोळ्यांसमोर लागली होती ना.

बडोद्यात आल्यावर आमच्या नेहमीच्या गॅरेजला नेली, नाव लिहीत नाही, मोठं गॅरेज आहे, एसीत बसायला सोफा आहे. तिथं होळीनंतर एकदा नेली होती तेव्हा त्यांनी बॅटरी बदलली होती, 5200 रुपये, जुनी दोनच वर्षांची होती ती बदल्यात त्यांनीच ठेवून घेतली. जुनी मोजून बघितली का असं विचारलं तर "मॅडम दोन वर्षं झाली म्हणजे गेलीच समजा". आता परत नेली तर म्हणाले सेल्फ मोटर पूर्ण नवीन, 8500 धरून चाला. आणि वर सुपरवायझर हसून म्हणाला की मॅडम तुम्ही क्लच नीट दाबत नसाल, साहेबांच्या हातात तर लागते ना? हे खरं होतं की नवऱ्याच्या हातात एकदाही फेल झाली नव्हती, पण चौदा वर्षं गाडी चालवते मी, लायसन्स त्याच्या आधी मी काढलंय, त्यामुळे ते बोलणं मला फार लागलं. सेल्फ बदलायला हो म्हणून आले होते जवळजवळ.

मग शाळेतल्या आमच्या प्यूनभाईंनी या दुकानाचं सांगितलं. प्रतापनगरच्या बाजूला, दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, बाहेर एक लाकडी टेबल, त्यावर उघडलेले अल्टरनेटर आणि सेल्फ, भिंतीवर वायरींची भेंडोळी. चाचांचं वय साठीच्या पुढे, बरोबर त्यांचा भाचा. चाचा बोलतात हिंदी-गुजराती मिसळ, मराठी सगळं समजतं, आयुष्य गेलंय म्हणे वाडीतल्या आणि बाबाजीपुऱ्यातल्या मराठी लोकांच्या गाड्या दुरुस्त करण्यात.

मी गेल्यागेल्या सांगितलं की सेल्फ खराब आहे, बदलून द्या, किती घ्याल. त्यांनी सेल्फकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं, "बेन, क्यारे थाय छे?" म्हणजे कधी होतं? सकाळी थंड असताना की चालवून गरम झाल्यावर? पाऊस पडला की? आवाज काय येतो? दिवे मंद होतात का? चावी फिरवताना चालवणारं कोण असतं? हे प्रश्न तीन महिन्यांत कोणी विचारले नव्हते. मी जमेल तसं सांगितलं, आवाजच येत नाही म्हटल्यावर ते जरा थांबले आणि भाच्याला म्हणाले मीटर आण.

आवाजाचं त्यांनी जे समजावलं ते मी शाळेत मुलांना सांगते तसं वहीत लिहून ठेवलंय. चावी फिरवल्यावर टकटकटकटक असा भराभर आवाज आला आणि दिवे मंदावले तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं, गंजलेलं. एकच मोठा टक येऊन शांत झाली तर सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) किंवा मोटरचं काहीतरी, नाहीतर मोटरपर्यंतच्या जाड वायरीत किंवा अर्थिंगमध्ये (बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंतची जोडणी) करंट अडतोय. इंजिन घुर्रघुर्र फिरतंय पण पकडत नाही तर सेल्फचा संबंधच नाही, तो पेट्रोलचा किंवा स्पार्कचा प्रश्न. आणि दिवे लख्ख असून काहीच आवाज नाही म्हणजे बहुतेक वेळा सेल्फला "फिर" असा हुकूमच पोचत नाहीये. हुकूम जातो चावीतून, मग क्लचच्या स्विचमधून, मग रिलेतून (फ्यूजबॉक्समधला करंटवर चालणारा छोटा स्विच), मग एका बारीक वायरीनं सोलेनॉइडवर. या रस्त्यात कुठंही तुटलं तरी बिचारी मोटर गप्प बसणारच, तिचा काय दोष.

मग मोजमाप. बॅटरी नुसती असताना 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. भाच्यानं चावी मारली तेव्हा 10.4 पर्यंत आली, साडेनऊच्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय. इंजिन चालू असताना 14.1, म्हणजे अल्टरनेटर भरतोय नीट. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि एक थेट इंजिनच्या लोखंडावर लावून सेल्फ मारला, 0.1 च्या आसपास आलं, हे अर्थिंगचं मोजणं, तिथं अर्धा-एक व्होल्ट दिसला असता तर अर्थिंगची पट्टी सडलेली समजायची. प्लसच्या जाड वायरीचंही तसंच मोजलं. सगळं व्यवस्थित. गाडी त्या दिवशी पंचवीस वेळा चालू केली असेल, पंचवीस वेळा लागली, माझा जीव खालीवर होत होता की आता हेही म्हणणार गाडी मस्त आहे.

ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले गाडी खोटं बोलत नाही आणि तुम्ही पण नाही, ती माझ्यासमोर करत नाहीये एवढंच. मी परत सेल्फचा विषय काढला तर त्यांचं एक वाक्य, जे दुकानात बसलं की दिवसातून दहा वेळा ऐकू येतं, "पहेलां मापीए, पछी बदलीए." आधी मोजू, मग बदलू. 8500 चं काम मी स्वतः द्यायला तयार होते आणि त्यांनी घेतलं नाही.

आणि मग जे केलं त्यासाठीच हा रिव्ह्यू आहे. त्यांनी डॅशबोर्डमध्ये असतो तसला एक छोटा बल्ब घेतला, होल्डरसकट, सोलेनॉइडच्या त्या बारीक वायरीला एक तार जोडली, मध्ये छोटा फ्यूज टाकला कारण तार कुठं घासली आणि शॉर्ट झाली तर आग लागू नये, तार इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या भिंतीतल्या रबरी बुचातून आत आणली आणि बल्ब माझ्यासमोर स्टेअरिंगच्या उजव्या बाजूला काळ्या टेपनं चिकटवला. चावी मारली की बल्ब पेटतो, गाडी लागते, चावी सोडली की विझतो. म्हणाले आता घरी जा, रोज चालवा, ज्या दिवशी लागणार नाही त्या दिवशी फक्त एवढंच बघा की चावी फिरवलेली असताना बल्ब पेटला का नाही. पेटला आणि सेल्फ गप्प, तर मी सेल्फ उघडतो. नाही पेटला, तर सेल्फला हात लावायचा नाही. फोनमध्ये तारीख, वेळ, कुठं, गाडी थंड की गरम, सगळं लिहा. 150 रुपये घेतले.

मला हे इतकं आवडलं की काय सांगू. जो दोष आपल्यासमोर यायला तयार नाही त्याच्यासाठी पहारेकरी बसवून ठेवला गाडीत. गाडी दुकानात चार दिवस अडकवून ठेवली नाही, मला शाळेत जायला गाडी होती.

तिसऱ्या दिवशी खंडेराव मार्केटला भाजी घेऊन परत आले, चावी फिरवली, गप्प. आणि बल्ब अंधार. इतके दिवस गाडी बंद पडली की पोटात गोळा यायचा, त्या दिवशी पहिल्यांदा मला आनंद झाला, भाजीची पिशवी मांडीवर तशीच ठेवून फोनमध्ये लिहिलं 6.40 संध्याकाळ, गरम, बल्ब नाही. म्हणजे मोटर निर्दोष. 8500 वाचले.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी फ्यूजबॉक्समधला सेल्फचा रिले काढून हॉर्नच्या रिलेच्या जागी घातला आणि हॉर्नचा सेल्फच्या जागी, दोन्ही सारखेच असतात माझ्या गाडीत. फुकटातली टेस्ट. रिले खराब असेल तर आता हॉर्न कधीतरी वाजणार नाही आणि सेल्फ सुधारेल. आणि दुसरा बल्ब लावला, हा चावीकडून क्लचच्या स्विचकडे येणाऱ्या वायरीवर, म्हणजे स्विचच्या अलीकडे. याच्यावर हिरवी टेप, जुन्यावर लाल. परत 150. नवरा शनिवारी आला तर म्हणाला हे काय दिवाळीची तोरणं लावून फिरतेस, पण त्यालाही समजावल्यावर बसून बघत होता.

दोनच दिवसांनी शाळेच्या पार्किंगमध्ये, भर दुपारी, हिरवा पेटला, लाल नाही. हॉर्न मात्र एकदाही चुकला नव्हता. म्हणजे चावी ठीक, रिलेवर संशय नाही, मधे राहिला क्लचचा स्विच. मी लगेच फोन केला तर म्हणाले आता क्लच पूर्ण सोडा, पाय काढा, परत दाबा, चावी न सोडता तशीच धरून ठेवा स्टार्टवर. मी चावी फिरवलेलीच धरली, पाय उचलला, परत दाबला, आणि दाबता दाबता गाडी लागली. चावीनं नाही, पायानं!

तेव्हा लक्षात आलं की तीन महिने मी प्रत्येक वेळी चावी काढून घालत होते आणि मला वाटायचं चावीमुळे लागतेय, पण दर वेळी मी क्लचवरचा पायही उचलून परत ठेवत होते, खरं काम तिथं होत होतं. गरुडेश्वरच्या पोरानं पान्यानं ठोकलं तेव्हाही तेच, तो ठोकेपर्यंत मी पाय काढून बसले होते, मग नव्यानं दाबला. ठोकून चालू होणं ही सेल्फचे कार्बन झिजल्याची खरीच खूण असते, चाचाही म्हणाले की त्याचं चुकलं नाही, तशा गाड्या त्यानं पाहिल्या असणार, फक्त आपल्या केसमध्ये ठोका आणि पाय एकाच वेळी पडले.

त्याच संध्याकाळी दुकानात नेली. भाचा टॉर्च घेऊन पेडलांच्या खाली उताणा झोपला आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन हसायला लागला. क्लचच्या पेडलची जी लोखंडी दांडी असते तिला वर एक भोक असतं आणि त्या भोकात एक प्लास्टिकचं बटण बसवलेलं असतं, शर्टाच्या बटणापेक्षा जरासं मोठं. आपण क्लच खाली दाबला की ते बटण जाऊन स्विचच्या बारीक टोकावर टेकतं, ते टोक आत जातं, आणि गाडीला कळतं की क्लच दाबलाय, आता सेल्फ मारू द्या. माझ्या गाडीतलं ते बटण अर्धं तुटून गेलं होतं. अर्धं शिल्लक. त्यामुळे पेडल जरा एका बाजूनं आलं की उरलेलं अर्धं बटण स्विचला लागायचं आणि गाडी चालू, जरा दुसऱ्या बाजूनं आलं की स्विचचं टोक सरळ रिकाम्या भोकात जायचं आणि गाडी समजायची की क्लच दाबलेलाच नाही. पेडलचं बुश बारा वर्षांत ढिलं झालेलं, थोडं डावंउजवं हलतं. नवऱ्याचे पाय लांब, सीट मागे, तो सरळ दाबतो. मी सीट पुढे घेते, माझा पाय जरा तिरका पडतो. एवढंच होतं ते "साहेबांच्या हातात लागते" चं कारण.

मी चाचांना विचारलं की म्हणजे माझीच चूक का? त्यांनी मान हलवली, म्हणाले बटण पूर्ण असेल तर पाय कसाही ठेवा, बनवणाऱ्यानं ते तसंच बनवलंय, तुम्ही चौदा वर्षं ठेवताय तसाच ठेवा. हे ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. त्या सुपरवायझरनं क्लचचं नाव तर बरोबर घेतलं होतं, पण खाली वाकून बघायच्या ऐवजी माझ्यावर ढकलून मोकळा झाला.

आणि घरी सांगितल्यावर आई म्हणाल्या, अगं हो, फेब्रुवारीत गाडीची पायपुसणी झटकली तेव्हा पिवळट प्लास्टिकचे तुकडे पडले होते, मला वाटलं मुलांच्या खेळण्याचे असतील, टाकून दिले. तेच! तर वाचणाऱ्यांनी एवढं तरी करा, गाडीच्या ड्रायव्हरसाइडच्या मॅटवर असे चुरा झालेल्या प्लास्टिकचे तुकडे दिसले तर फेकू नका, ते पेडलचं बटण असू शकतं. दहा-बारा वर्षांत आपल्या उन्हात ते प्लास्टिक कडक होऊन बिस्किटासारखं तुटतं, माझी गाडी तर शाळेत रोज सहा तास उघड्यावर उभी असते.

त्या दिवशी बटण मिळालं नाही, पार्टच्या दुकानातून दुसऱ्या दिवशी येणार होतं. मी म्हटलं तोवर स्विचच्या दोन वायरी जोडून द्या ना डायरेक्ट, कटकट मिटेल, क्लच न दाबताही लागेल. इथं चाचा पहिल्यांदा जरा कडक बोलले. तो स्विच कशासाठी दिलाय? गाडी गियरमध्ये उभी असेल आणि कोणी क्लच न दाबता चावी मारली तर गाडी सेल्फच्या जोरावर पुढे उडी मारते. आमच्या वाड्यात गाडी उतारावर उभी असते म्हणून मी कायम गियरमध्येच ठेवते, पुढे शेजाऱ्यांच्या स्कूटी असतात, मुलं क्रिकेट खेळत असतात, पुतण्याला रेडिओ लावायला चावी फिरवायची सवय आहे. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, ते नुसतं "घरमां छोकरा छे?" एवढं म्हणाले आणि मी गप्प बसले. खूप मेकॅनिक असं डायरेक्ट करून देतात आणि लोक खूश होऊन जातात. त्यांनी नाही केलं. एका रात्रीसाठी भोकात नायलॉनचा तुकडा कापून घट्ट बसवून दिला. लोखंडी बोल्ट का नाही विचारलं तर म्हणाले बोल्टानं स्विचचं टोक झिजतं, मग स्विच पण बदला.

दुसऱ्या दिवशी दोन बटणं आणून ठेवली होती, एकेक 60 रुपये. दोन का? कारण ब्रेकच्या पेडलला पण तसंच बटण असतं, त्याच वयाचं, त्याच प्लास्टिकचं. ते तुटलं तर मागचे ब्रेकचे दिवे कायम पेटलेले राहतात, रात्रभर बॅटरी उतरते, आणि रस्त्यावर मागच्याला कळतच नाही तुम्ही खरा ब्रेक कधी मारलात ते. बघितलं तर त्यालाही तडा गेलेला होताच. दोन्ही बदलली, दोन्ही बल्ब आणि तारा काढल्या, जिथं जोडल्या होत्या तिथं नीट टेप मारली, रिले आपापल्या जागी परत. मजुरी 200. सगळं मिळून किती झालं बघा, 150, 150, 200 आणि बटणांचे 120, एकूण 620 रुपये. आता सात आठवडे झाले, आमचं गरुडेश्वर परत एकदा झालं, भर उन्हात, एकदाही चुकली नाही.

तक्रारीचंही लिहिते. बसायला एकच स्टूल आहे आणि त्यावर बहुतेकदा बॅटरी ठेवलेली असते. गाडी उभी करायला जागा नाही, गल्लीत लावावी लागते आणि टेम्पो आला की काढावी लागते. छापील बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात, ऑफिसला बिल लावायचं असेल तर उपयोग नाही. वेळ लागतो, घाईत असाल तर जाऊच नका, कारण ते आधी अर्धा तास नुसतं विचारतात आणि मोजतात, आणि माझ्या बाबतीत तर चार फेऱ्या झाल्या. पण समोरचं सेव उसळ चांगलं आहे, तर्री जरा जास्त मागून घ्या, तेवढ्यात वेळ जातो. एसीचं काम करत नाहीत, इंजिनचंही नाही, फक्त वायरिंग, सेल्फ, अल्टरनेटर, बॅटरी, लाइटी. शुक्रवारी दुपारी बंद असतं. सकाळी साडेदहाच्या आत गेलात तर चाचा स्वतः भेटतात, नंतर गर्दी झाली की भाचा बघतो, तोही हुशार आहे, बटण त्यालाच सापडलं.

जाताना गाडीची आधीची बिलं असतील तर न्या, आणि गाडी कधी लागली नाही, कुठं, थंड होती की गरम, आवाज काय आला, कोण चालवत होतं, हे एका कागदावर लिहून न्या, पहिलं ते हेच विचारणार आहेत.